टॉवरला खाज सुटली!

"माणूस गुहेतून बाहेर पडला आणि त्याने पहिलं शहाणपणाचं काम कुठलं केलं असेल, तर भिंत बांधली!" चेअरमन आजोबा धीरगंभीर आवाजात म्हणाले. "भिंत आहे म्हणून शांतता आहे. भिंत आहे म्हणून संस्कृती आहे. भिंत आहे म्हणूनच आपण..."

एवढं बोलून त्यांनी पाठ दाराच्या चौकटीला टेकवली आणि वर-खाली, वर-खाली घासायला सुरुवात केली.

"आहाहा!" ते म्हणाले, आणि संस्कृतीचा विषय तिथेच राहिला.

समोर सोफ्यावर बसलेले सेक्रेटरी काका मान डोलावत होते. त्यांनी शर्टाच्या कॉलरमधून एक लांब फूटपट्टी आत सोडली होती. तिचं टोक जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

सुट्टी लागल्यापासून अख्ख्या टॉवरला खाज सुटली होती. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक घर सुटलं नव्हतं! दुपारी वारा सुटला की खिडक्या-खिडक्यांतून खसाखसा आवाज येई. एक फायदा मात्र झाला होता. पूर्वी लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. आता निदान "जरा डावीकडे... हं, तिथेच!" एवढा संवाद होऊ लागला होता.

"मी सांगतो, ती इस्त्रीवालीच!" सेक्रेटरी काका म्हणाले. "कपडे तिच्या टेबलावरून यायचे. सरळ हिशेब आहे!"

"काका, आईचे गाऊन कधीच इस्त्रीला जात नाहीत. तिला का खाजतं?"

हे विचारणारी मुलगी म्हणजे आजोबांची नात. वय तेरा. तिला सगळे वकील म्हणत, कारण "आंघोळ कर" असं सांगितलं तरी ती आधी आपण मळलो आहोत याचा पुरावा मागायची. तिच्या मागे तिचा आठ वर्षांचा भाऊ उभा होता. तो कायम तिच्या मागेच असे, म्हणून त्याचं नाव शेपूट.

"मागच्या आळीतल्यांनी काहीतरी फवारलं असणार," आजोबा म्हणाले.

"कुणी पाहिलं?"

"पाहिलं नाही, म्हणूनच तर संशय आहे!"

"मग त्यांना स्वतःला कसं खाजत नाही?"

आजोबांनी विजयी मुद्रेने बोट वर केलं. "आत्ता कशी बरोबर बोललीस! त्या आळीत एकालाही खाजत नाही. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?"

वकिलाने पुरावा मागणंच सोडून दिलं. असं क्वचितच व्हायचं.

टॉवरच्या मागे उंच भिंत होती. भिंतीत एक छोटं फाटक. फाटकाच्या आत, पत्र्याच्या छपराखाली इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल. मावशी राहायच्या भिंतीपलीकडच्या आळीत. त्या आळीतूनच टॉवरचे प्लंबर, सुतार, धुणंभांडीवाल्या यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. खाज सुरू झाली तशी समितीने फाटकाला कुलूप घातलं आणि मावशींचं टेबल उचलून भिंतीपलीकडे ठेवून दिलं. खाज थांबली नाही. उलट वाढली! त्यावरून समितीने असा निष्कर्ष काढला, की फाटक पुरेसं बंद झालेलं नाही. आता रविवारी सभा होती. फाटक काढून तिथे विटा लावायच्या, हा सभेतला पहिला विषय.

"चल शेपूट," वकील म्हणाली.

"कुठे?"

"पलीकडे!"

"पण ताई, तिथे जायचं नसतं!"

"का?"

शेपटाने बराच विचार केला. "कुणी सांगितलंच नाही का ते," तो म्हणाला.

---

पलीकडची आळी खिडकीतून रोज दिसायची. तिथे पोचायला मात्र मोठ्या रस्त्याने लांबलचक वळसा घालून, पेट्रोलपंपाच्या मागून जावं लागलं. जन्मापासून दोघं टॉवरमध्ये राहत होती आणि इथे पहिल्यांदा येत होती. आळी साधीच होती. पायरीवर कुणी पेपर वाचत होतं, कुणी सायकल पुसत होतं. शेपटाची थोडी निराशाच झाली.

"टॉवरवाले आले! टॉवरवाले आले!"

एवढा मोठा आवाज कुठून आला म्हणून शेपूट दचकून बहिणीला चिकटला. गॅरेजच्या दारात टायरवर बसलेला एक मुलगा ओरडत होता. त्याचं नाव भोंगा का पडलं, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडीखालून एक ग्रीस लागलेला चेहरा बाहेर आला. ते भोंग्याचे बाबा, गॅरेजवाले मामा. "जपून रे भोंग्या!" ते म्हणाले. "टॉवरवाल्यांचं हसू म्हणजे लिफ्टचा दरवाजा. या म्हणेपर्यंत बंद!"

"आम्ही हसलेलोच नाही," वकील म्हणाली. "आम्ही चौकशीला आलोय."

"चौकशीला?" गॅरेजशेजारच्या घरातून एक मुलगी ताडकन बाहेर आली. वकिलाच्याच वयाची, बारीक, टोकदार नजरेची. ती इस्त्रीवाल्या मावशींची मुलगी. आळी तिला टाचणी म्हणायची. "कसली चौकशी? पोलीस आहेस का तू?"

"खाज कुणामुळे सुटते ते शोधतेय."

"आमच्यामुळे, असं तुझ्याच आजोबांनी फाटकाजवळ माइकवरून सांगितलं ना? ऐकलंय आम्ही. भिंतीला कान नसले तरी आम्हाला आहेत!"

"ते आजोबांचं मत आहे. माझं मत अजून व्हायचंय."

"मोठी आली मत बनवणारी!" टाचणी उसळली. "रविवारी तुम्ही विटा लावणार. आईचं काम संपणार. मग सुट्टी संपायच्या आत आम्हाला काकांच्या गावी जावं लागणार. माझी शाळा सुटणार, हा भोंगा सुटणार, सगळं सुटणार! का? तर तुम्हाला खाजतं!"

गॅरेजमधला हातोडा थांबला. मावशी वकिलाच्या शाळेच्या गणवेशाला रोज कडक घडी घालून द्यायच्या. त्यांना मुलगी आहे, हे तिला आज कळत होतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग सिद्ध करू. तुमच्याकडे एखादा शर्ट आहे? मावशींनी इस्त्री केलेला?"

"कशाला?"

"शेपूट तो घालेल. आणि शेपटाचा शर्ट भोंगा घालेल. तो सकाळी आमच्या बाल्कनीतल्या दोरीवरून काढलाय. मावशींचा हात त्याला लागलेला नाही. बघू कुणाला खाजतं ते!"

"मी?" शेपूट किंचाळला. "त्यांचा शर्ट? आई मला घरात घेणार नाही!"

"मी?" भोंगा त्याच्या दुप्पट किंचाळला. "टॉवरचा शर्ट? नको गं बाई! त्यांना रोग आहे! ते दिवसभर खिडक्या लावून बसतात, कुत्र्याला गादीवर झोपवतात, आणि आई म्हणते की त्यांच्याकडे आंघोळीचं पाणीसुद्धा यंत्रातून येतं!"

"आमच्याकडे कुत्रा नाहीये," शेपूट दुखावून म्हणाला.

"घाबरलात दोघंही!" टाचणी म्हणाली. आता ती वकिलाच्या बाजूने बोलत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. "हात वर करा बघू!"

शर्टांची अदलाबदल झाली. शेपटाच्या अंगावर इंजिनाचं चित्र असलेला मोठा शर्ट आला, गुडघ्यांपर्यंत. भोंग्याला शेपटाचा शर्ट पोटावर येऊन थांबला. चौघं टायरांवर बसून वाट बघू लागली.

"काही होत नाहीये," भोंगा म्हणाला. "रोगबिग काही... अरे... अरे! आई गं! मेलो!"

तो उठून गॅरेजच्या खांबाकडे धावला आणि पाठ घासू लागला. अगदी चेअरमन आजोबांसारखी! मामा गाडीखालून पूर्ण बाहेर आले.

"आणि तुला?" टाचणीने शेपटाला विचारलं.

शेपूट डोळे मिटून बसला होता. "मला काहीच होत नाहीये," तो हळूच म्हणाला. "सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदा!"

---

"म्हणजे गोष्ट तुमच्या बाल्कनीत आहे," टाचणी म्हणाली.

"किंवा बाल्कनीत कुठूनतरी येतेय," वकील म्हणाली. "चल, कॅमेरे बघू. समितीने नवीन लावलेत."

"मला कोण आत घेणार?"

"मी!"

मुख्य फाटकावर वॉचमन काका उभे होते. एका हाताने सलाम करत होते आणि दुसऱ्या हाताने बरगडी खाजवत होते. "ताई, ही मागच्या आळीतली ना? हिला आत नाही. ऑर्डर आहे."

"ही माझी पाहुणी आहे. पाहुण्यांबद्दल काही ऑर्डर आहे?"

"नाही... पाहुणे मागच्या आळीतून कधी आलेच नाहीत."

"आता आले!"

"आणि मी पण पाहुणा!" भोंगा ओरडला. वॉचमन काकांच्या हातून शिट्टी पडली. ती उचलेपर्यंत चौघं त्यांच्या केबिनमध्ये शिरली होती.

पडद्यावर चौकोन-चौकोनांत चित्रं दिसत होती. वकील वाकून पाहू लागली. पहिल्या चौकोनात मागची आळी होती. दुसऱ्यात मागची आळी, जरा डावीकडून. तिसऱ्यात मागची आळी, जरा उजवीकडून. चौथ्यात गॅरेजचं छप्पर.

"टॉवर कुठेय?" तिने विचारलं.

"टॉवरवर कशाला लक्ष ठेवायचं?" वॉचमन काका चकित झाले. "टॉवरमध्ये तर आपण राहतो!"

टाचणी पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हा माझा टॉवेल आहे," ती थंड आवाजात म्हणाली. "हा आईचा परकर. हे माझं गणिताचं पुस्तक, पायरीवर ठेवलेलं. तुम्ही लोक बसून रोज हे बघता?"

वॉचमन काकांनी खाजवणंसुद्धा थांबवलं. "मला काय ताई, साहेब सांगतील ते," ते पुटपुटले.

वकिलाचे कान लाल झाले होते. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याआधीच टाचणी म्हणाली, "थांब. टॉवेल बघ."

"बघितला ना. सॉरी."

"सॉरी राहू दे गं! तो कुठे उडतोय बघ!"

दोरीवरचे सगळे कपडे एकाच दिशेला फडफडत होते. टॉवरकडे! दुपारचा वारा आळीवरून निघून, भिंत ओलांडून थेट बाल्कन्यांत शिरत होता.

"म्हणजे आमच्याकडूनच काहीतरी येतंय?" भोंगा घाबरून म्हणाला. "आजोबा खरं बोलत होते?"

"मग त्या टॉवेलने अंग पुसून मला खाजलं असतं," टाचणी म्हणाली. "आमच्या दोरीच्या नंतर आणि तुमच्या बाल्कनीच्या आधी. तिथे काय आहे?"

शेपटाने पडद्याच्या अगदी खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे भिंतीच्या माथ्यावरून तपकिरी, केसाळ असं काहीतरी झुलत होतं. "तो आजोबांचा वेल," तो म्हणाला.

जनरेटरच्या खोलीमागे, भिंतीला लागून, एक अरुंद बोळ होता. त्याला जाळीचं दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि वर 'सुरक्षा विभाग. प्रवेश बंद' अशी पाटी होती. आत भिंतीवर जांभळ्या फुलांचा एक वेल आजोबांनी पावसाळ्यात लावला होता. फुलं केव्हाच गळून गेली होती. पुढे काय लागलं, ते बघायला कुणी गेलंच नव्हतं.

"मी आमच्या बाजूने शिडी लावून बघते," टाचणी म्हणाली. "ही भिंत आम्ही सारखी चढतो असं तुम्ही म्हणता. आज एकदा चढूनच घेते!"

"आणि मी जाळीखालून आत जातो," शेपूट म्हणाला. "मी मावतो!" बहिणीच्या पुढे जाऊन काही करायची त्याची ही पहिलीच वेळ होती. इंजिनाच्या शर्टाचा परिणाम असावा.

---

मामा शिडी द्यायला तयार नव्हते. "भिंतीवर काचा आहेत, पोरी. आणि दिसलीस तर तेच म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

"ते न दिसताही म्हणतात, मामा. निदान एकदा बघून तरी म्हणू दे!"

मामांनी डोकं खाजवलं. नुसतंच सवयीने. मग शिडी आणली, काचांवर टाकायला जाडजूड पोतं दिलं, आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले.

टाचणी वर पोचली. पोत्यावरून तिने पलीकडे मान काढली. वेलाला शेंगांचे घोस लटकले होते. शेंगा वाकड्या, सोनेरी तपकिरी, मखमल चढवल्यासारख्या. उन्हात त्या सुंदर चमकत होत्या. खाली शेपूट मान वर करून उभा होता. जाळीच्या बाहेरून वकील विचारत होती, "काय दिसतंय? काय दिसतंय?"

"शेंगा आहेत! मखमली! दिसायला तर..."

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. वाळलेल्या शेंगा एकमेकींवर घासल्या. त्यांच्यावरून सोनेरी धुरासारखं काहीतरी सुटलं आणि टॉवरकडे निघालं. वाटेत शेपूट होता.

"ताईऽऽऽ!"

तो जाळीखालून जितक्या वेगाने आत गेला होता, त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला. मान, हात, कान, सगळीकडे आग! वकिलाने त्याला धरलं मात्र, तिच्या हातांनाही खाज सुटली.

"धुवायला जाऊ नका, चोळू तर अजिबात नका!" भिंतीपलीकडून भोंगा ओरडला. त्या दिवशी त्याच्या आवाजाचा पहिल्यांदाच उपयोग झाला. "मघाशी मी चोळलं तेव्हा वाढलं! इकडे या, पळा!"

लांबचा वळसा दोघांनी कधी नव्हे इतक्या लवकर घातला. मामांनी शेपटाला गाडीच्या बॉनेटवर बसवलं. गॅरेजमध्ये रंगकामाची रुंद चिकटपट्टी होती. टाचणी तिचा तुकडा शेपटाच्या मानेवर चिकटवायची आणि ओढून काढायची. प्रत्येक तुकड्यावर बारीक सोनेरी लव येत होती. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी.

"हीच ती!" वकील पट्टी उजेडात धरून म्हणाली. "हीच आमच्या कपड्यांवर बसते!"

शेपूट हुंदके देत होता. मामांनी ग्रीसचा हात पँटला पुसला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको रे वाघा. पहिला आत शिरलास तू!" मग ते भोंग्याकडे वळून आश्चर्याने म्हणाले, "टॉवरचा असला तरी रडतो आपल्यासारखाच की!"

टाचणी पुन्हा शिडीवर गेली. तोंडाला फडका, हातात मामांचे वेल्डिंगचे हातमोजे. एक शेंग पक्कडीने तोडून तिने बरणीत बंद केली. नाक्यावरच्या रोपवाटिकेत ती दाखवल्याबरोबर रोपवाटिकावाला दोन पावलं मागे सरकला.

"खाजकुयली! झाकण उघडू नका हं, पाया पडतो! मीच दिला होता हा वेल, तुमच्या चेअरमनसाहेबांना. म्हणाले, कुणी हात लावणार नाही असा वेल द्या. मी दिला."

"त्यांनी विचारलं नाही, हात का लावणार नाही म्हणून?"

"मी सांगायला लागलो तर म्हणाले, मला नका सांगू, तो पलीकडच्यांसाठी आहे!"

टाचणी आणि वकील एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग दोघींना एकदमच हसू फुटलं. हसता हसता टाचणी एकाएकी थांबली.

"पण हे तुझे आजोबा मानतील?"

"कबूल करायची पद्धत नाही आमच्याकडे," वकील म्हणाली. "त्यांनाच सिद्ध करायला लावू. आजोबांचे दोन शर्ट आणते मी. मावशी मदत करतील?"

मावशी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "आण," त्या म्हणाल्या. "पण अशी इस्त्री करीन, की बघत राहतील!"

---

रविवारी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. खुर्च्यांना पाठ असल्यामुळे लोक त्या दिवशी वेळेवर आले होते.

"सभासद नसलेल्यांना प्रवेश नाही!" टाचणी आणि भोंग्याला पाहून सेक्रेटरी काका गरजले.

"शेपूटही सभासद नाही," वकील म्हणाली, "पण तो प्रत्येक सभेला बिस्किटं खायला असतो. बिस्किटं खाणाऱ्याला चालतं आणि पुरावा आणणाऱ्याला नाही?"

"पुरावा?" मागून कुणीतरी खाजवता खाजवता म्हणालं. "असेल तर दाखवा बाई! जीव चाललाय!"

टाचणी पुढे झाली. तिने टेबलावर दोन पांढरे शर्ट ठेवले.

"हे दोन्ही चेअरमन आजोबांचे आहेत. दोन्ही एकाच साबणाने धुतलेत. हा आमच्या आळीतल्या दोरीवर वाळला. माझ्या आईने इस्त्री केला. दुसरा तुमच्या बाल्कनीत वाळला. आईने त्याला हातही लावलेला नाही. आम्ही कपड्यांना काहीतरी लावतो असं तुम्ही म्हणता ना आजोबा? मग घाला. कुठलाही घाला!"

"हा काय पोरखेळ आहे?" आजोबा कडाडले.

"घाबरलात?" भोंग्याने विचारलं. त्याने हळूच विचारलं होतं, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

चेअरमन आजोबा उठले. त्यांनी आळीतून आलेल्या शर्टाकडे पाहिलं. तो त्यांचाच होता. त्याची घडी तर अशी होती, की तिच्यावर फळ कापता आलं असतं. त्यांनी तो बोटाच्या टोकाने दूर सारला.

"माझा असला तरी मी हा अंगाला लावणार नाही! माझा माझ्या घरावर विश्वास आहे!" असं म्हणून त्यांनी दुसरा शर्ट बनियनवर चढवला, सगळी बटणं लावली आणि माइक हातात घेतला.

"सभासदहो! खाज ही बाहेरून येते. आपल्या घरात खाज नाही! आपली भिंत... आपली जी भिंत आहे... ती आपल्याला..." त्यांनी एक खांदा उडवला. मग दुसरा. "ती आपल्याला अशा... अशा... अगं आई गं!"

माइक खाली पडला. आजोबा खांबाला जाऊन भिडले.

इकडे सेक्रेटरी काकांचं त्या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. ते टेबलावरच्या दुसऱ्या शर्टाकडे टक लावून बघत होते. "हा... हा कुणी घालणार नसेल तर..." असं पुटपुटत त्यांनी आपला शर्ट काढून टाकला, चिकटपट्टीने शेपटाने त्यांची पाठ साफ केली, आणि त्यांनी तो शर्ट अंगात घातला. सगळी सभा त्यांच्याकडे बघू लागली. काकांचे डोळे हळूहळू मिटले.

"काका? खाजतंय?" वकिलाने विचारलं.

"बोलू नकोस," काका तृप्तपणे म्हणाले. "थोडा वेळ कुणीच बोलू नका."

मग बरणी निघाली. पट्ट्या निघाल्या. शेवटी रोपवाटिकावाला निघाला. तो दारामागेच उभा होता.

"मला वाटलं काटे असतील!" आजोबा खांबाला पाठ घासत ओरडले.

"काटे असलेला मागितला असतात तर काटे असलेला दिला असता, साहेब!"

सभागृहात हशा पिकला. पहिल्यांदा मागच्या रांगेत, मग सगळीकडे, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने, खांबापाशी. वेल उद्याच्या उद्या, आधी पाणी मारून, हातमोजे घालून मुळासकट काढायचा, असा ठराव झाला. विटांचा ठराव मांडायला कुणी पुढे आलं नाही.

"या मुलांनी टॉवरचं नाव काढलं!" आजोबा माइकवरून म्हणाले. "मला आधीपासूनच शंका होती, पण मुलांना संधी द्यावी म्हणून मी गप्प राहिलो!"

"दोघंच टॉवरची आहेत," टाचणी म्हणाली.

"हो... हो. चौघांनी नाव काढलं," आजोबा म्हणाले. मग माइक बाजूला ठेवून, बऱ्याच हळू आवाजात, "तुझ्या आईला सांग, टेबल परत आणा म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना. घर दाखवते."

म्हणून समिती आळीत गेली. सगळ्यांनाच रस्ता नवीन होता. मावशी दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. आत बांधाबांध करून ठेवलेल्या पेट्या दिसत होत्या. त्या बघून सेक्रेटरी काकांची मान खाली गेली.

"टेबल मी उचलून आणलेलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "ज्यांनी इथे आणून टाकलं, त्यांनीच ते परत न्यावं."

"माणसं पाठवतो," आजोबा म्हणाले.

"माणसं आलेलीच आहेत की!"

चेअरमन आजोबांनी एक बाजू धरली, सेक्रेटरी काकांनी दुसरी. टेबल जड होतं. गॅरेजवाले मामा सोबत चालत होते. "उजवीकडे घ्या, साहेब! जरा वाका! असं!" अशा सूचना ते मोठ्या आनंदाने देत होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी स्वतःच एक बाजू धरली.

"आणि ते कॅमेरे," टाचणी मागून म्हणाली. "माझ्या टॉवेलकडे बघणं बंद!"

"बंद," आजोबा धापा टाकत म्हणाले.

फाटकाचं कुलूप काढलं. किल्ली शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून मामांनी ते पक्कडीने तोडलं. पेट्या पुन्हा उघडल्या. टाचणीने वकिलाला आपलं गणिताचं पुस्तक दाखवलं आणि वकिलाने त्यातल्या उत्तरांचे पुरावे मागायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा टॉवर धुतलेल्या कपड्यांची गाठोडी घेऊन फाटकापाशी रांगेत उभा राहिला. सगळ्यात पुढे चेअरमन आजोबा होते. त्यांनी छोटंसं भाषणही तयार केलं होतं. ऊन चढलं, तरी मावशी आल्या नाहीत.

सोमवारी इस्त्री बंद असते.